मेलाग्नच्या नावाची शिळा

मी एक जुनी शिळा आहे. पुरुषभर उंच, करड्या रंगाची आणि एका बाजूला जराशी कललेली. माझ्या अंगावर वरून खाली लॅटिन अक्षरांच्या दोन ओळी कोरल्या आहेत. त्यांचा अर्थ एवढाच, की कुनोतामचा मुलगा मेलाग्न इथे निजला आहे. सध्या मी एका लहानशा चर्चमध्ये भिंतीला टेकून असते. माझ्या पायाशी एक दिवा लावला आहे. गावातल्या शाळेच्या बाई दर वर्षी मुलांना घेऊन येतात, माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "माणसं काय वाट्टेल ते बोलतील, पण दगड खोटं बोलत नाही हं!"

मित्रांनो, त्या बाई मनाने फार चांगल्या आहेत. आत येताना पायपुसण्यावर बूट नीट पुसतात. त्यांना मी दोष देत नाही. पण तुम्ही जरा बसा. मी म्हातारी आहे, मला सगळे आठवते, आणि आजवर मला कुणी काही विचारलेले नाही.

माझा जन्म डोंगरावरचा. नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीच्या वर आमचा डोंगर होता. तिथे मी कितीतरी काळ आडवी पडून होते. पावसात मेंढ्या माझ्या आडोशाला येऊन बसत. त्यांच्या ओल्या लोकरीचा वास मला अजून आठवतो. तेव्हा माझ्या अंगावर एकही अक्षर नव्हते. खरे सांगू? तेच माझे सुखाचे दिवस.

डोंगरावरून खाली नदीकाठची हिरवी कुरणे दिसत. ती दोघा भावांची होती. थोरला कोर्बाल आणि धाकटा कुनोताम. कुनोताम तापाने लवकर गेला आणि त्याचा वाटा त्याच्या एकुलत्या एका मुलाकडे आला. हाच तो मेलाग्न. त्याला अजून मिसरूडही फुटले नव्हते. त्याची आई ओर्विता आणि तो, दोघेच गाई राखत, लोणी घुसळत, आणि भांडतही खूप. त्यांचे भांडण डोंगरावर मला ऐकू येई आणि पाठोपाठ हसणेही ऐकू येई.

एका वसंतात समुद्रापलीकडून लुटारूंच्या होड्या आल्या. आमच्या किनाऱ्याला ते नवे नव्हते. ते गाई नेत आणि माणसेही नेत. त्या दिवशी त्यांनी मेलाग्नला नेले. ओर्विता पाण्यात धावली. कमरेएवढ्या पाण्यात ती उभी होती आणि होडी लहान होत गेली. हे मी वरून पाहिले. पुढे भरती आली तेव्हा बायकांनी तिला ओढून बाहेर काढले.

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगते. ती नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे.

त्या काळी जमिनीचे कागद नव्हते. जमीन कुणाची, हे त्या जमिनीच्या वेशीवर कोण पुरलेला आहे त्यावरून ठरे. मेलेला माणूस आपल्या जमिनीची राखण करतो असे लोक मानत. त्याच्या उशाशी नावाची शिळा उभी करत. तंटा उभा राहिला की सगळे त्या शिळेपाशी जमत आणि ज्याला साक्ष द्यायची तो शिळेवर तळवा ठेवून बोले. पण एका गोष्टीबद्दल एकदाच. बोललेले मागे घेता येत नसे. त्यात भर घालता येत नसे. दुसऱ्यांदा कुणी बोलू लागला तर तो नुसता वारा, असे समजत आणि तिकडे कुणी कान देत नसे.

दुसरे असे, की जो हरवला आहे, पण मेला आहे असे कुणी पाहिलेले नाही, त्याचा वाटा त्याच्या भाऊबंदांना घेता येत नसे. तो परत येईपर्यंत जमीन थांबून राही. मेलाग्नची कुरणे अशीच थांबून राहिली. ओर्विता तिथे आपल्या थोड्याशा गाई चारी. कोर्बालच्या गाई मात्र वाढत गेल्या, मुलगे वाढत गेले, आणि कुंपणाशी उभा राहून तो त्या हिरव्या गवताकडे पाहू लागला.

काही वर्षांनी, शरद ऋतूतल्या एका वादळानंतर, खाडीत एक प्रेत वाहून आले. कुणातरी तरुण माणसाचे होते. कोर्बाल स्वतः ते आणायला गेला. आला तो डोळे पुसतच आला.

"मेलाग्न आहे," तो म्हणाला. "पळून येत असणार घरी. काठाशी येऊन बुडाला बघा पोरगा."

ओर्विता धावत आली. प्रेत गोधडीत घट्ट गुंडाळले होते. ती सोडायला लागली तेव्हा कोर्बालने तिचे दोन्ही हात धरले.

"आईनं बघावं असं काही राहिलं नाहीये, ओर्विता. ऐक माझं. तुझ्या आठवणीत आहे तोच राहू दे."

तो हे फार हळुवारपणे म्हणाला. मित्रांनो, ओरडणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. मला भीती वाटते ती त्या हळुवार आवाजाची.

मग मला डोंगरावरून आणायला बैल आले. लाकडी घसरगाडीला दोरांनी बांधून मला खाली ओढले. वाटेत एका बैलाचा पाय मोडला, तर त्याला तिथेच मारून संध्याकाळी त्याचे मांस शिजवले. वेशीवर, झऱ्याच्या वाटेला, मला आडवी टाकली, आणि पास्केन्त आपली छिन्नी घेऊन आला. तो आमचा पाद्री. साऱ्या खोऱ्यात लॅटिन लिहिता येणारा तो एकटाच.

त्याने माझ्यावर कोळशाने अक्षरे आखली आणि हात थांबवला.

"कोर्बाल, चेहरा तूच बघितलास ना?"

"चेहरा कुठला विचारता, पाद्रीबाबा? माशांनी काही ठेवलाय का शिल्लक?"

"मग ओळखलंस कशावरून?"

"काकाला ओळखू येतं." कोर्बाल माझ्यावर बसला आणि मांडी चोळत म्हणाला, "झऱ्याकाठचं ते वावर तुमच्या चर्चला हवंय म्हणत होतात. माझ्या लक्षात आहे हो. तुम्ही कोरा."

पास्केन्तने कोरले. छिन्नीचा पहिला घाव बसला तेव्हा मला कळले की दगडालाही दुखते. आणि तो चांगले कोरत होता, हेही सांगायला हवे. एकेक अक्षर सरळ, खोल आणि सारखे. शेवटी त्याने त्यात लाल माती भरली.

मला उभी केली. माझ्या पायाशी तो अनोळखी पोर पुरला गेला. कोर्बालने माझ्यावर तळवा ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हा माझ्या भावाचा मुलगा मेलाग्न आहे." त्याचा हात कोरडा होता. मग ओर्विताला बोलावले. पण ती दोन पावले चालली आणि खाली कोसळली. पास्केन्त म्हणाला, "राहू दे. काकाचा शब्द पुरे आहे. तिचा तिच्याजवळ राहू दे."

असा ओर्विताचा शब्द शिल्लक राहिला. तेव्हा त्याकडे कुणी लक्ष दिले नाही.

पुढची काही वर्षे माझे कौतुक झाले. वाटसरू थांबत. "काय अक्षरं आहेत! राजाच्या बापालासुद्धा अशी शिळा नाही," असे म्हणत. कोर्बाल पाहुण्यांना मुद्दाम माझ्याकडे घेऊन येई. माझ्यामागच्या कुरणात आता त्याच्या गाई चरत. ओर्विता त्यांचे दूध काढी, कारण तिच्या स्वतःच्या गाई आता राहिल्या नव्हत्या. रोज संध्याकाळी धार काढून झाली की ती एक लाकडी वाटी भरून माझ्यापाशी येई आणि ते दूध माझ्या पायाशी ओती. मेलेल्याला दूध द्यायची रीत जुनी होती. पास्केन्तला ती आवडत नसे, पण तो पाहिले न पाहिले करी.

दूध कोमट असायचे. ओतताना ती बोलत राही. "आज करड्या गाईनं लाथ मारली रे. दोन दिवस चालता येणार नाही मला. ते तुन्काचं पोरगं तुझ्यासारखंच शीळ घालतं, ऐकलंस का?" असे काही काही. माझ्याखाली निजलेला तो कोण होता, हे मला आजही माहीत नाही. त्याचीही कुणी आई कुठल्यातरी किनाऱ्यावर वाट पाहत असेल. त्याने मात्र परक्या आईचे दूध बरीच वर्षे पिऊन घेतले.

मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, नदीच्या उथळ उताराकडून एक माणूस वर आला. तो एका पायाने लंगडत होता. त्याचा एक कान अर्धा कापलेला होता. समुद्रापलीकडचे लोक पळून जाणाऱ्या गुलामाला तशी खूण करत. तो धापा टाकत आला आणि मला पाठ टेकून बसला. घामाने त्याची पाठ चिंब झाली होती. त्याने माझ्याकडे वळून अक्षरांवरून बोट फिरवले. त्याला वाचता येत नव्हते.

शेजारची तुन्का आपल्या पोरांना घेऊन नेच्याचा पाला कापत होती. ती लांबूनच ओरडली, "ए, तिथं टेकू नकोस! मेलेल्याची जागा आहे ती!"

"कोण मेलंय, मावशी?"

"मेलाग्न. कुनोतामचा पोरगा. समुद्रात बुडाला बिचारा."

त्याने पुन्हा अक्षरांकडे पाहिले. मग हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"हसतोस काय मेल्या? कुठला तू?"

"इथलाच. तू तुन्कामावशी ना? तुझा तो लंगडा बोकड आहे का गं अजून? मला ओढ्यात पाडलं होतं त्यानं. आणि तू मला सोडवायचं सोडून पोट धरधरून हसत बसली होतीस."

तुन्काच्या हातातला विळा पडला. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. तिने ओळखले, हे मी पाहिले. पण तिचे घर कोर्बालच्या जागेत होते. तिने पोरांचे दंड धरले आणि ती पळत सुटली. पोरे मात्र थोड्या वेळाने परत आली. लांब उभी राहून त्यांनी ढेकळे मारायला सुरुवात केली. "मेलेला माणूस! मेलेला माणूस! ए मेल्या, ऊठ!" असे ओरडत होती. तुमच्याएवढीच होती ती. नेमही चांगला होता त्यांचा.

तो उठला नाही. डोके गुडघ्यांत घालून तो संध्याकाळची वाट पाहत राहिला.

ओर्विता आली. म्हातारपणाने तिचे डोळे अधू झाले होते. ती सरळ माझ्यापाशी आली, वाकली आणि वाटी कलती करणार, तोच एका हाताने ती वाटी धरली.

"आई, मातीला कशाला देतेस? मला दे. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

तिने वाटी सोडली नाही आणि त्यानेही सोडली नाही. मग तो तिच्या हातातूनच प्याला, एका दमात, लहान मूल पिते तसा. त्याच्या हनुवटीवरून दूध ओघळले, ते तिने पदराने पुसले. पुसता पुसता तिचा हात त्याच्या कानावर गेला आणि तिथेच थांबला.

"कुणी कापला?"

"ज्याच्या गाई राखायचो त्यानं. पहिल्यांदा पळालो तेव्हा."

"दुखतो?"

"आता नाही. थंडीत जरा ठणकतो."

"वाळलास किती," ती म्हणाली. "आणि इतका वेळ लावलास."

मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात माझ्या पायाशी घडलेली चांगली गोष्ट ही एवढीच. ती एका वाटीएवढीच टिकली. कारण पोरांनी गावभर बातमी नेली होती. लोक काठ्या घेऊन आले. "मेलेल्याचं दूध प्याला! मेलेल्याचं दूध प्याला!" असा गलका झाला. मागून कोर्बाल आला. तो मेलाग्नसमोर उभा राहिला, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि हळूच विचारले, "कोण रे बाबा तू?"

"काका, मी मेलाग्न."

"अरेरे," कोर्बाल म्हणाला. "उन्हानं डोकं फिरलंय गरिबाचं. बांधा त्याला गोठ्यात. पाणी द्या जरा."

न्यायाधीशाला बोलावणे गेले. तो येण्याच्या आदल्या संध्याकाळी ओर्विता पुन्हा माझ्यापाशी आली. तिच्या हातात वाटी नव्हती. कोर्बाल तिच्या मागोमाग आला.

"भावजी, तुम्ही त्याला ओळखलंत," ती म्हणाली.

"ओळखलं की. चालतो अगदी कुनोतामसारखा. लंगडतानासुद्धा."

"मग सांगा ना उद्या."

"काय सांगू? मी या शिळेवर हात ठेवून बोललोय. तो खरा ठरला तर मी खोटा ठरतो. खोट्या साक्षीला हात तोडतात. मी हात पुढं करून बसेन असं वाटतं तुला? माझे मुलगे बसू देतील? समज, तू उद्या म्हणालीस की हा माझाच. न्यायाधीश जाईल आपल्या घरी. पोरगा राहील इथं. रानात जाईल, ओढ्यावर जाईल, एकटाच. किती दिवस पुरेल गं तो?"

ओर्विताने गोठ्याकडे पाहिले.

"तुझा शब्द अजून शिल्लक आहे," तो हळुवारपणे पुढे म्हणाला. "उद्या एवढंच म्हण, की हा माझा नाही. मग शिक्षा सांगायची घरच्या कर्त्यानं, म्हणजे मी. मी म्हणेन, द्या हाकलून नदीपलीकडं. जगेल कुठंतरी. तू जा अधूनमधून दूध घेऊन. मी बघितलं तरी बघितलं नाही म्हणेन."

"शब्द देता?"

"दिला."

"शिळेवर हात ठेवून द्या."

तेव्हा कोर्बाल हसला. "एका गोष्टीबद्दल एकदाच, ओर्विता. माझं बोलून झालंय."

तो निघून गेला. तिथेच तिला सगळे समजायला हवे होते. मला समजले. पण मुलगा जगेल हे शब्द एकदा कानावर पडले, की आईला त्यापुढचे ऐकू येत नसावे. तिने माझ्यावर कपाळ टेकले आणि अंधार होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. दगड असल्याची लाज मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव माझ्याभोवती जमला. न्यायाधीशाला सर्दी झाली होती. तो सारखा नाक शिंकरत होता आणि भरती यायच्या आत त्याला नदीचा उतार ओलांडून परतायचे होते. मेलाग्नला हात बांधून आणले. त्याने आपल्या बापाचे, आजाचे, पणजाचे, अशी सगळी नावे एका दमात सांगितली. एकही चुकले नाही.

"पाठ केलंय," कोर्बालचा थोरला मुलगा म्हणाला. "खरा मेलाग्न तिकडं याच्याबरोबर गुलाम असणार. त्यानंच शिकवलं असेल बिचाऱ्यानं."

लोकांना ते पटले. लोकांना पटवून घ्यायचे असले की ते लवकर पटते.

"तुन्कामावशीला विचारा," मेलाग्न म्हणाला. "तिच्या बोकडाचं विचारा."

तुन्काला पुढे ढकलले. ती कोर्बालकडे पाहून म्हणाली, "माझ्याकडं बोकड कधी नव्हताच. शेळ्याच होत्या."

"शेळ्याच?" मागून कुणीतरी म्हणाले. "मग पिल्लं काय पाद्रीबाबांनी दिली?"

खूप हशा पिकला. न्यायाधीशही हसला. मेलाग्नसुद्धा हसला, कारण त्याला अजून भीती वाटत नव्हती. आईचा शब्द शिल्लक आहे हे त्याला कळले होते.

न्यायाधीश म्हणाला, "आईला बोलवा."

"मग झालंच," मेलाग्न म्हणाला. "सांग गं त्यांना, आई. लवकर सांग, हे दोर रुततायत."

ओर्विता आली. तिने माझ्यावर तळवा ठेवला, नेमका नावावर. तो घामाने ओला होता. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. कोर्बालकडे पाहिले. कोर्बालने हलकेच मान डोलावली.

"माझा मुलगा या शिळेखाली आहे," ती म्हणाली. "हा कुणी दुसरा आहे."

सगळे मेलाग्नकडे वळले.

"आई?" तो म्हणाला. मग, जणू तिला आठवत नसेल म्हणून, "अगं, परवा मी तुझ्या हातून दूध प्यालो."

न्यायाधीशाने नाक पुसले आणि कोर्बालकडे वळला. "मेलेल्याचं नाव चोरलंय यानं. तुम्ही घरचे कर्ते. शिक्षा सांगा."

कोर्बालने थोडा विचार केल्यासारखे केले. मग तो आपल्या त्याच हळुवार आवाजात म्हणाला, "मेलेल्याचं नाव घेतलं यानं. मेलेल्याचं दूध घेतलं. आता मेलेल्याची जागाही घेऊ दे."

एक-दोघे हसले. मग हा विनोद नव्हे हे कळून गप्प झाले.

ओर्विताची किंकाळी माझ्या अंगात अजून आहे. तिने दोन्ही हात माझ्यावर आपटले. "माझा आहे तो! माझा मुलगा आहे! भावजींनी शब्द दिला होता मला! माझाच आहे हो तो, कान बघा, मी, मी त्याला..."

"ही काय म्हणतेय?" न्यायाधीशाने विचारले.

पास्केन्त खाली पाहत होता. चर्चला मिळालेल्या झऱ्याकाठच्या वावरात त्या वर्षी ओटचे पीक चांगले आले होते.

"तिचं बोलून झालंय," तो म्हणाला.

न्यायाधीश घोड्यावर बसला. भरती लागायला आली होती.

त्यांनी माझ्या पायाशी खणायला सुरुवात केली. खाली त्या अनोळखी पोराची हाडे निघाली, ती त्यांनी एका बाजूला सारली. त्या खणण्याने माझा पाया सैल झाला आणि मी कलले. म्हणून मी आजही अशी कललेली आहे. मेलाग्नला त्या खड्ड्यात मारून घातले की जिवंत घातले, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. मी वर उभी होते आणि खालचे सगळे मला ऐकू येत होते. बराच वेळ ऐकू येत होते.

मित्रांनो, त्या दुपारपासून माझ्यावर कोरलेला शब्द न् शब्द खरा आहे. एकही अक्षर बदलावे लागले नाही.

पुढे काय झाले म्हणता? कोर्बाल पुष्कळ जगला. त्याला काही झाले नाही. म्हातारपणी तो ऊन खायला येई तो माझ्याच अंगाला टेकून बसे आणि नातवाला मांडीवर घेऊन गवताची पिपाणी करून देई. नातवंडांचा फार लळा होता त्याला. तुन्काने दुसरा बोकड पाळला. पास्केन्तने आणखी शिळा कोरल्या, पण इतकी सुरेख अक्षरे त्याला पुन्हा साधली नाहीत, असे लोक म्हणत.

ओर्विताने त्यानंतर माझ्यापाशी कधी दूध आणले नाही. ती नदीतला एक धारदार गोटा घेऊन येई. नावाच्या जागी तो टेकवून ती घासत बसे, आडवा, पुन्हा पुन्हा. तिला ते नाव पुसायचे होते. येणारेजाणारे म्हणत, "घासू दे म्हातारीला. दगडाला काय होतंय!" खरेच काही होत नव्हते. मी कठीण दगड. तिची बोटे सोलवटून निघत, आणि माझ्यावर केसभर रेघ उमटे. मला वाटे, मऊ व्हावे, वाळू व्हावे, तिच्या हाताखाली भुगा होऊन पडावे. ते मला जमले नाही. एका हिवाळ्यात ती यायची थांबली. तिला कुठे पुरले ते मला माहीत नाही. तिच्या नावाची शिळा कुणी उभी केली नाही.

मग लोक बदलले, बोली बदलली, आणि माझ्यावर काय लिहिले आहे हे कुणालाच कळेनासे झाले. मला उपटून कुणी ओढ्यावर साकव म्हणून टाकले. शेकडो वर्षे गाई माझ्यावरून गेल्या. पुढे माझ्या अंगाला भोक पाडून लोखंडी बिजागरी बसवली आणि मला फाटकाचा खांब केले. बैल माझ्यावर खाज घासत. मी कुरकुर केली नाही. त्या दिवसांत मला कुणी साक्ष विचारत नव्हते, ही केवढी सुटका होती!

शेवटी एका पाद्र्याने पावसात चमकणारी अक्षरे पाहिली आणि मला चर्चमध्ये आणले. मोठे मोठे विद्वान आले. त्यांनी माझे माप घेतले, ठसे घेतले. नावावरून गेलेली ती आडवी रेघ पाहून ते हळहळले. एक म्हणाला नांगराचा फाळ लागला असेल, दुसरा म्हणाला बैलगाडीचे चाक. "तेवढं सोडलं तर किती छान जपलं गेलंय," असे दोघेही म्हणाले.

आता मला कुणी हात लावू नये म्हणून पाटी लावली आहे. माझ्यावर शेवाळ चढू देत नाहीत. माझ्यासाठी थंडीत खोली कोरडी ठेवतात. एवढी माया मला मिळते आहे.

तुम्ही कधी आलात तर पाटीकडे लक्ष देऊ नका. त्या रेघेवरून एकदा हलकेच बोट फिरवा. ती नांगराची नाही. आणि तुमच्या दारात कधी कुणी कापल्या कानाचा, लंगडणारा माणूस आला आणि म्हणाला की मी जिवंत आहे, तर लगेच माझ्याकडे धावू नका. आधी त्याला वाटीभर दूध द्या. माझ्यावर काय लिहिले आहे, ते मागाहून वाचा.